परतताना कयाक जड होते आणि एका बाजूला ओढते: हात भरून येण्याआधी काय तपासायचं

मालवणजवळच्या कर्ली खाडीत, तारकर्लीपासून देवबागच्या दिशेने, मी गेले तीन हंगाम कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, चालवतोय. नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत जमेल तेव्हा जातो, पावसाळ्यात अजिबात नाही. या काळात नव्याने शिकणाऱ्या बऱ्याच जणांबरोबर पाण्यात उतरलो, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एकच तक्रार ऐकली. जाताना मजेत जातो, पण परतताना अर्ध्या वाटेवर कयाक जड वाटायला लागते. नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, वाऱ्यावर फिरते. सरळ जायचं म्हटलं की एकाच हाताने दुप्पट वल्हवावं लागतं. किनाऱ्याला लागेपर्यंत उजवा खांदा भरून आलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट काढतानाही कळ येते.

यावर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे "सवय नाही, होईल हळूहळू". मीही एक अख्खा हंगाम तेच मानलं. घरी दंडबैठका सुरू केल्या. फरक पडला नाही, कारण दोष दंडात नव्हताच. परतीच्या वाटेवर नवख्या माणसाला जो त्रास होतो, तो बहुतेक वेळा सामानाचा आणि निघण्याच्या वेळेचा असतो, आणि तो शोधून दुरुस्त करता येतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. शांत खाडीत, बसायची जागा वरच्या बाजूला उघडी असलेली, साध्या प्लास्टिकची कयाक चालवणाऱ्यांसाठी हे आहे. लाटांमध्ये जाणाऱ्यांचं सामान आणि गणित दोन्ही वेगळं असतं.

पहिला संशयित: कयाकच्या पोटातलं पाणी

मागच्या फेब्रुवारीत एका दुपारी कयाक पुळणीवर ओढत होतो. एकट्याला ओढवेना. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका उठून आले, एका बाजूने हात लावला आणि लगेच म्हणाले, "अरे, हिच्या पोटात पाणी आसा. हलवून बघ मगे." मी नाळ उचलली तर आतून घुडुक घुडुक आवाज करत पाणी मागे गेलं. इतके दिवस चालवताना हा आवाज मला कधी ऐकू आला नव्हता, कारण वल्ह्याच्या आणि बाहेरच्या पाण्याच्या आवाजात तो बुडून जातो.

पोकळ पोटातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच फिरवलं तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. पाणी बाहेर येण्याआधी भोकातून फुस्स करून हवा आत ओढली गेली. बोट ठेवलं तर ते चिकटल्यासारखं झालं. पाणी बादलीत काढून मोजलं, तेरा लिटर भरलं. म्हणजे मी तेरा किलोचं ओझं ओढत आणलं होतं, आणि तेही एका जागी न बसणारं. जरा डावीकडे कललं की सगळं डावीकडे धावणार, उजवीकडे कललं की उजवीकडे. बसणाऱ्याचं वजन मागच्या अंगाला असतं, त्यामुळे हे पाणी मागे साचतं. मागचा भाग बसतो, नाळ वर उठते आणि वर उठलेली नाळ वाऱ्याच्या हातात सापडते. देवबागहून उत्तरेकडे परतताना दुपारचा वायव्येचा वारा डाव्या अंगाने समोरून येतो, तो नाळेला उजवीकडे ढकलत राहतो. ती परत डावीकडे आणायला उजव्या बाजूने जास्त वल्हवावं लागतं. उजवा खांदाच का दुखतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण पाणी आत शिरलं कुठून? घरी आणून संध्याकाळी अंगणात उलटी केली, पाण्याचा पाइप सोडला, तासभर पाहिलं. एक थेंब आत गेला नाही. पुढच्या रविवारी जाताना ठीक, परतताना पुन्हा जड. हे तीन वेळा झालं. शेवटी ती फुस्स लक्षात घेऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला.

आम्ही सकाळी निघतो, तेव्हा कयाक गार असते. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाच्या बऱ्याच अलीकडे एका पुळणीवर थांबतो, कोकम सरबत पितो, गप्पा मारतो. या तासाभरात कयाक उन्हात पडलेली असते. प्लास्टिक इतकं तापतं की हात ठेववत नाही. आतली हवा तापून फुगते आणि जिथे बारीकशी फट असेल तिथून थोडी बाहेर निघून जाते. मग आपण ती तापलेली कयाक पाण्यात ढकलतो. आतली हवा झपाट्याने गार होते आणि आकसते. पंचावन्न अंशांची हवा अठ्ठावीस अंशांवर आली तर तिचं आकारमान सुमारे आठ टक्के घटतं. कयाकच्या पोटात दोनशे लिटर हवा मावत असेल तर सोळा लिटरची ओढ तयार झाली. भिंती थोड्या आत दबून त्यातली काही ओढ मुरते, उरलेली त्याच फटीतून पाणी खेचून घेते. एरवी जी फट एक थेंबही आत सोडणार नाही, ती अशा वेळी नळीसारखी काम करते. म्हणूनच संध्याकाळच्या गार अंगणात काही सापडत नव्हतं, आणि म्हणूनच जाताना त्रास नव्हता.

फट शोधायची युक्तीही यातूनच निघाली. कयाक सकाळी सावलीत कोरडी करा, बूच घट्ट लावा आणि मग उन्हात सरकवा. अर्ध्या तासाने भांड्यात साबणाचं घट्ट पाणी करून जुन्या रंगाच्या ब्रशने संशयाच्या जागी लावत जा: बुचाभोवती, झाकणांच्या कडेला, कडी-हँडलच्या रिव्हेटांपाशी, तळाच्या कण्यावर जिथे दगडाला घासून चरे पडलेत तिथे, आणि मुख्य म्हणजे बैठकीतून आरपार तळापर्यंत गेलेल्या निचऱ्याच्या भोकांच्या आतल्या अंगाला. ऊन आतून हवा दाबत असतं, त्यामुळे फट असेल तिथे बारीक बुडबुड्यांची रांग उमटते. माझ्या कयाकला ती मागच्या डाव्या भोकात, तळाशी जिथे नळीसारखा भाग तळाला जोडला जातो त्या वळणावर उमटली. भेग केसाएवढी होती, नखाला लागायचीही नाही. फुगे मात्र थांबत नव्हते. हवा भरण्यासाठी गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका. कयाकचं पोट एवढ्या दाबासाठी बनवलेलं नसतं, ते फाटेल. उन्हाचा दाब पुरतो.

ही भेग तिथेच का पडली, याचंही कारण आहे. कयाक ढकलत नेण्यासाठी दोन चाकांची एक गाडी मिळते, तिचे दोन दांडे याच निचऱ्याच्या भोकांत घुसवायचे असतात. सामानाने भरलेली कयाक त्या दांड्यांवर ठेवून जांभ्याच्या खडबडीत पाखाडीवरून खडखडत नेली की सगळे हिसके त्या दोन भोकांना बसतात. मी तेच करत होतो. आता तळाखाली पट्ट्यांनी बांधायची गाडी वापरतो, आणि सामान आधी उतरवतो.

दुरुस्ती कशी करायची आणि कशी नाही

पहिल्यांदा मी घरातला दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद लावला. तिसऱ्या फेरीला तो सालपटासारखा निघून आला. या कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीनला गोंद धरत नाही, मग तो कितीही महागाचा असो. नळदुरुस्तीसाठी आपण जो मळून लावतो तो लुकणही टिकत नाही.

ज्याच्याकडून हे काम नीट होईल असा माणूस बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो, आपण त्याला कयाकच्या संदर्भात ओळखत नाही एवढंच. गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाक्या दुरुस्त करणारा. त्या टाक्या आणि आपली कयाक एकाच पद्धतीने, गरम साच्यात प्लास्टिकची भुकटी फिरवून बनवलेल्या असतात. तो त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी गरम हवेने वितळवून भेगेत बसवतो. माझं काम कुडाळला वीस मिनिटांत झालं. त्याला दोन गोष्टी आधी सांगा. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडायला सांगा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. आणि भेग आतून पूर्ण वाळलेली असू द्या. ओल्या भेगेवर पट्टी बसल्यासारखी दिसते आणि आठवड्यात उघडते.

वाटेत तात्पुरतं काम भागवायचं तर गच्चीच्या गळतीला लावतात ती चंदेरी पाठीची ब्युटाइलची चिकटपट्टी जवळ ठेवा. जागा पुसून, कोरडी करून, उन्हात जरा गरम करून लावली तर परतीपुरती नक्की धरते.

आणि ज्यांच्या कयाकला भेग नाही त्यांनीही बुचाची रबरी चकती एकदा पाहावी. मिठाने आणि उन्हाने ती कडक होते, तिच्यावर बारीक चिरा पडतात. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाची चकती काही रुपयांत मिळते. मी दोन जादा घेऊन ठेवल्यात आणि एक जादा बूच दोरीने बैठकीला बांधलंय. चकतीला सिलिकॉनचं ग्रीस बोटभर लावतो. सगळ्यात महत्त्वाची सवय फुकटची आहे. कयाक गाडीच्या टपावर असो की पुळणीवर, उन्हात असताना बूच उघडं ठेवायचं. निघण्याआधी ती पाण्याच्या कडेला ओढायची, वरून चार-पाच वल्ही पाणी मारायचं, दोन मिनिटं गार होऊ द्यायची आणि मग बूच लावायचं. एवढ्या दोन मिनिटांनी माझं तेरा लिटरचं ओझं गेलं. मात्र बूच लावायचं विसरू नका. आम्ही जोडीने निघतो तेव्हा एकमेकांचं बूच एकमेकांनी हात लावून पाहतो.

याच कारणासाठी प्रत्येक कयाकमध्ये एक मोठा स्पंज आणि कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनचं उपसणं असलंच पाहिजे. बैठकीत साचलेलं पाणी स्पंजाने निघतं. पोटातलं काढायचं तर किनाऱ्याला लागून बूच उघडणं हाच मार्ग. तेव्हा परतताना जडपणा जाणवला की ताकद लावत बसू नका. जवळचा काठ धरा, नाळ उचला, आवाज ऐका.

लाइफ जॅकेट वर सरकतं, म्हणून लोक ते सोडून ठेवतात

ही दुसरी तक्रार, आणि मला यात जास्त काळजी वाटते. कयाकमध्ये बसल्यावर पाठीमागचा टेकू जॅकेटला खालून वर ढकलतो. वल्हवताना खांद्याचा पट्टा गळ्याला घासतो, काखेत जाड फोम टोचतो, उकडतं. मग माणूस पुढची बकलं सोडतो. पुढच्या वळणावर जॅकेट काढून मांडीवर घेतो. किनाऱ्यापासून पन्नास मीटरवर, शांत पाण्यात, काय होणार आहे असं वाटतं.

मावसभावाबरोबर मी हे मुद्दाम करून पाहिलं. कमरेएवढ्या पाण्यात, बाजूला दोघं उभे असताना, त्याने कयाक उलटवली. पर्यटकांना सरसकट देतात ते जाड नारिंगी जॅकेट त्याच्या अंगात होतं, बकलं लावलेली पण पट्टे सैल. पाण्यात पडताक्षणी जॅकेट वर गेलं आणि त्याचं तोंड दोन खांद्यांच्या फोममध्ये अडकलं. त्याला पुढचं दिसेना, हात वर उचलता येईनात, कयाकची कड धरता येईना. पाणी कमरेएवढं होतं म्हणून तो उभा राहिला. खोल पाण्यात उभं कुठे राहणार?

ते जॅकेट होडीत नुसतं बसून जाणाऱ्या प्रवाशासाठी ठीक आहे. वल्हवणाऱ्याला वेगळं लागतं. काखेपाशी मोठी मोकळीक असलेलं, पाठीचा फोम उंचावर संपणारं म्हणजे खाली जाळी आणि टेकूच्या वर फोम, बाजूंना आणि खांद्यावर आवळता येणारे पट्टे. त्याच्या आत लिहिलेला आकडा बघा. ज्यांना पोहता येतं आणि जे काठाजवळ, सोबतीने असतात, अशा सत्तर किलोच्या वरच्या माणसासाठी किमान 50 न्यूटन तरंगशक्ती असावी, म्हणजे ढोबळमानाने पाच किलो वजन वर धरून ठेवण्याची ताकद. पाण्यातल्या माणसाला तरंगवायला तेवढी पुरते, कारण शरीराचं बहुतेक वजन पाणीच पेलत असतं. पण पोहता येत नसेल तर हे पुरेसं नाही. त्यासाठी 100 न्यूटनचं, कॉलर असलेलं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर करण्याच्या हिशेबाने बनवलेलं जॅकेट घ्यावं आणि काखेतली अडचण सोसावी. या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. पोहता न येणारा माझ्याबरोबर येतो तेव्हा त्याच्या अंगात तेच असतं, आणि आम्ही छातीएवढ्या पाण्याच्या पुढे जात नाही.

दुकानात घेताना बसून बघा, उभं राहून नाही. खालचा पट्टा आधी आवळा, मग वरचे, शेवटी खांद्याचे. मग दुसऱ्या माणसाला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलंय. तरीही सरकत असेल तर मांड्यांमधून जाणारा पट्टा शिवून घ्या, कुठलाही दप्तरं शिवणारा करून देतो. फक्त मूळ फोमच्या भागात सुई घालू देऊ नका, खालच्या पट्ट्यालाच जोडायला सांगा. आणि विश्रांतीला जॅकेटवर बसू नका. फोम दबला की दबला, त्याची तरंगशक्ती परत येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ते घालून पाण्यात पाय उचलून तरंगून बघणं ही एकच खरी परीक्षा.

जॅकेटलाच, छातीजवळ, शिट्टी बांधलेली असावी. कयाकला बांधलेल्या शिट्टीचा उपयोग नाही, कारण उलटल्यावर कयाक आणि माणूस वेगळे होतात. लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, हे सोबतच्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मोबाईलसुद्धा जलरोधक पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात. त्यात तटरक्षक दलाचा 1554 हा शोध-बचावाचा नंबर आणि 112 आधीच साठवून ठेवावा. पिशवीचं तोंड बंद केल्यावर ती बादलीत दाबून पाहावी, आत कागदाचा कपटा ठेवून. कपटा ओला झाला तर पिशवी बदलायची.

वल्हं: उलटं धरलेलं, किंवा आखूड

परतताना हात भरून येण्याचं हे साधं कारण लगेच तपासता येतं. बहुतेक वल्ह्यांचं पातं दोन्ही कडांना सारखं नसतं, एक कड लांब आणि एक तिरकी कापलेली असते. लांब कड वर हवी. पात्यावर अक्षरं असतील तर ती सुलट वाचता आली पाहिजेत. पात्याची आत वळलेली बाजू स्वतःकडे. उलटं धरलं तरी कयाक पुढे जाते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण प्रत्येक फटक्याला पातं हातात थोडं वळतं आणि मनगट ते सावरत राहतं. दोन तासांनी मनगट बोलायला लागतं.

लांबीचं म्हणाल तर उघड्या बैठकीच्या कयाक रुंद असतात, पाऊण मीटरच्या आसपास. त्यांना 220 सेंटीमीटरचं वल्हं आखूड पडतं. बोटांची पेरं कडेला घासतात आणि ते टाळायला माणूस आळीपाळीने दोन्ही बाजूंना कलतो. साधारण उंचीच्या माणसाला 230 ते 240 पुरतं. दांडी डोक्यावर आडवी धरा, कोपर काटकोनात आले की हात कुठे धरायचे ते ठरलं. तिथे रंगीत चिकटपट्टीची खूण करून ठेवा, कारण थकल्यावर हात नकळत आत सरकतात आणि जोर कमी होतो.

वल्हं कयाकला दोरीने बांधा, स्वतःच्या मनगटाला बांधू नका. कांदळवनाच्या मुळांत ओढ असताना वल्हं अडकलं आणि ते तुमच्या हाताला बांधलेलं असलं, तर काय होईल याचा विचार करा.

सामान ठीक असूनही जड जातंय? तिथी बघा

हे सामानात मोडत नाही, पण याच्याशिवाय वरचं सगळं वाया जाईल. त्या काकांनी मला जो हिशेब शिकवला तो कोकणात सगळीकडे चालतो. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे. दक्षिणेकडे, मालवण-गोव्याकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, आणि खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा फिरतं. नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावंच. पण कोष्टक वाचताना चूक झाली तर हा हिशेब ती पकडून देतो.

आता आमच्या खाडीला हे लावून बघा. पौर्णिमेच्या रविवारी सकाळी नऊला निघालं तर भरतीच्या उलट जावं लागतं, पण उत्साहात ते जाणवत नाही. बाराला परत फिरलो की ओहोटी लागलेली. सगळं पाणी देवबागच्या मुखाकडे, समुद्राकडे धावतंय, आणि तेही उधाणाचं. मालवणकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईकडे चारच्याही वर जातो. त्यातच अकरा-बारानंतर खारं वारं सुटलेलं असतं, तेही समोरून. पाणी विरुद्ध, वारा विरुद्ध, आणि पोटात तेरा लिटर.

याउलट चतुर्थी ते सप्तमी या दिवसांत सकाळी लवकर ओहोटीबरोबर खाली जाता येतं, मतलई वाराही पाठीशी किंवा शांत असतो, नऊ ते अकराच्या दरम्यान पाणी फिरतं आणि भरती आपल्याला परत घरी आणून सोडते. वाऱ्याला मात्र इलाज एवढाच की परतताना देवबागच्या बाजूचा काठ धरावा. माडांच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि कडेला ओढही कमी असते. खाडीच्या मध्यातून सरळ रेषेत यायचा मोह होतो, तो टाळा. आणि ओहोटी सुरू असताना संगमाच्या जवळ जाऊच नका. तिथून कयाक समुद्रात ओढली जाते, परत वल्हवून येणं नवख्याच्या हातचं नाही.

वारा समोरून असताना सामानाची पिशवी मागून काढून पुढे पायांपाशी बांधली तर नाळ खाली बसते आणि फिरणं बरंच कमी होतं. हे मी प्रत्येक फेरीत विश्रांतीच्या पुळणीवर करतो.

बाकीचं थोडक्यात

पायात बंद टाचेचं, पट्ट्यांनी आवळलेलं काहीतरी हवं. खडकावरची आणि मुळांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात, आणि चिखल साधी चप्पल पायातून ओढून घेतो. पंधरा मीटर पॉलिप्रॉपिलीनची दोरी असावी, ती तरंगते. नायलॉनची बुडते आणि सापडत नाही. दर माणशी दोन लिटर पाणी, त्यात कोकम आणि मीठ घातलं तर उत्तम. टोपीला हनुवटीखाली नाडी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती नको, लवकर वाळणारा.

पैसे मोजकेच असतील तर मी आधी जॅकेटवर खर्च करीन, मग वल्ह्यावर, आणि कयाक भाड्याने किंवा जुनी घेईन. जुनी घेताना वर सांगितलेली उन्हाची परीक्षा मालकासमोर करा. प्रामाणिक मालक नाही म्हणणार नाही. आणि पहिल्या फेरीआधी कमरेएवढ्या पाण्यात पडून पुन्हा कयाकवर चढण्याचा सराव दहा वेळा करा: पोटावर आडवं यायचं, उताणं फिरायचं, मग बसायचं. नुसतं बघून हे येत नाही.

माझ्या कयाकची वितळवून बसवलेली पट्टी आता आठ महिने टिकली आहे. परतल्यावर बूच उघडलं की आत ओंजळभर पाणी निघतं, ते झाकणाच्या कडेने येणारं आहे हे साबणाने पाहून घेतलंय. झाकणाची रबरी कड मागवली आहे. उजव्या बाजूच्या भोकात, जिथे गाडीचा दुसरा दांडा जायचा, तिथे प्लास्टिक किंचित पांढुरकं दिसायला लागलंय. भेग पडण्याआधी ते असंच दिसतं. त्याच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण करून ठेवली आहे, आणि दर अमावास्येला, उधाणामुळे तशीही फेरी नसते तेव्हा, ती खुणेच्या पुढे गेलीय का ते बघतो.